गरुडाच्या पंखाखाली

लष्कर, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर २०२४

दादास नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि सूनबाईंना मध्ये उभे करून बोलणे मला जमत नाही. म्हणून पत्र.

काकूंनी अभिरामच्या विधीला होकार दिला. बावन्न वर्षे नाही म्हणत होत्या. गुरुजींनी पौष अमावास्या सांगितली आहे, २९ जानेवारी. पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. काकांच्या बाजूने पुरुष कोणी उरलेला नाही. तू सख्खा भाऊ. अभिराम काकांना दत्तक गेला तरी रक्त तेच, असे गुरुजी म्हणाले.

काकू आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. सकाळी म्हणतात, "मी गेल्यावर त्याला पाणी कोण देणार?" दुपारी म्हणतात, "जिवंत असला तर मीच मारला असं होईल." मग मला सांगतात, बळवंताला विचार, त्यानेच शेवटचा पाहिला. मी म्हणते, दादाने तेव्हाच सांगितले आहे. त्या म्हणतात, पुन्हा विचार.

माझे ठीक आहे. पार्कमधली नोकरी अजून चालू आहे. तू मागे विचारले होतेस की शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला तिथे काय काम. मी पूछताछ खिडकीत बसते आणि माइकवर बोलते. मूल हरवले, पर्स सापडली, गाडीचे दिवे चालू राहिले.

दसऱ्याला तिथे नवा झूला सुरू झाला. गरुड नाव आहे. पंधरा मजली खांब. भोवती खुर्च्यांचे कडे. ते हळूहळू वर जाते, वर थोडा वेळ थांबते आणि सोडून देते. बाकी काही नाही. पण आग्र्याहून, झाशीहून बसेस येतात.

पूर्वी लोक दुपारी चारला येत. हिरवळीवर पुऱ्यांचे डबे उघडत, होडीत बसत, छोट्या रेल्वेत बसत. गर्दी पार्कभर सांडलेली असे. आता अकराला फाटक उघडले की सगळे एकाच दिशेला धावतात. दीड दीड तासाची लाइन. रेल्वे रिकामी फिरते, कारण बंद ठेवली तर वाईट दिसते. चाटवाले गाड्या ओढून तिकडेच गेले. माझ्या खिडकीसमोरून दुपारभर कोणी जात नाही. दर चार मिनिटांनी वरून किंकाळी येते. तेव्हा खालची गर्दी बोलता बोलता थांबते. लोक माना वर करतात. मग वाक्य जिथे सोडले तिथून पुढे बोलतात.

आणखी एक. रविवारी आठ-दहा मुले तरी हरवत. गरुड आल्यापासून एकही हरवलेले नाही. झूल्याच्या तोंडाशी पत्र्याचा गरुड उभा केला आहे, एक पंख आडवा पसरलेला, चार फुटांवर. डोके त्या पंखाखाली राहिले तर आत जाता येत नाही. मग आईबाप मुलाला पंखाखाली उभे करतात, इथेच थांब म्हणतात आणि लाइनीत शिरतात. आता मुले हरवत नाहीत. ठेवली जातात.

तिकीट काढलेस की कळव.

तुझी अनू

•

वडोदरा
२४ नोव्हेंबर २०२४

अनू,

पत्र मिळाले. काकूंनी ठरवले ते योग्य केले. इतकी वर्षे लांबवायला नको होते. मी २७ला निघेन. रेल्वेने वेळ लागतो पण मला विमान नको. तुला माहीत आहे, मी तिसऱ्या मजल्यावरही राहिलो नाही.

पुन्हा विचार असे काकू म्हणतात त्याचे उत्तर पुन्हा देतो. मेळ्यात खेळण्यांच्या दुकानांपाशी गर्दी होती. त्याने हात सोडवून घेतला. तो दुकानांमागच्या तलावाकडे धावला. मी मागे धावलो. दिसला नाही. हे मी तेरा वर्षांचा असताना सांगितले, आता पासष्टाव्या वर्षी वेगळे काय सांगणार. तलावात दोन दिवस जाळे टाकले होते. तलाव खोल होता. काकूंना हे समजावून सांग. पुतळा करणे म्हणजे कोणाला मारणे नाही.

नोकरीचे म्हणशील तर सोड. या वयात उन्हात बसून माइकवर ओरडायचे कशाला. पेन्शन आहे. काकूंजवळ घरी कोणी हवे.

तुमच्या गरुडाविषयी वाचले. वर थांबतो म्हणतेस तो किती वेळ थांबतो? वरून खालची माणसे ओळखू येतात का? सहज विचारतो.

इथे थंडी नाही. गुडघे ठीक.

बळवंत

•

लष्कर, ग्वाल्हेर
८ डिसेंबर २०२४

दादास नमस्कार.

वर बारा सेकंद थांबतो. माणसे ओळखू येतात की नाही ते शिखाला विचारले. ती झूल्याचे कठडे बंद करते. जगदेवकाकांच्या मित्राची नात, मराठाच, पण मराठी अशी: "मावशी, वरून सगळ्यांची मुंडी दिसते. शकल नाही समझत. पण आपला माणूस असेल तर समझतो ना, तो कैसे भी समझतो."

माझी खिडकी बंद केली. मॅनेजर संग्रामसिंह म्हणाले, मॅडम, आप तो टीचर रही हैं, बच्चों के पास बैठिए. तेव्हा पंधरा दिवस झाले, मी पंखाखाली बसते. खाली निळी सतरंजी टाकली आहे. एका वेळी वीस-बावीस मुले असतात. काम एवढेच की आईबाप येईपर्यंत ती तिथे असावीत.

हे काम सोपे आहे, दादा. फार सोपे आहे. त्यामुळेच तुला लिहिते आहे.

पहिल्या दिवशी एका मुलाच्या डोक्यावर ऊन आले म्हणून मी त्याला सरकवायला गेले. शिखा ओरडली, "मावशी, हलवू नका. हलवलं की रडतो." खरेच रडला. ज्या फरशीवर बापाने उभे केले तीच फरशी त्याला हवी होती. मुले सतरंजीवर बसतसुद्धा नाहीत. उभी राहतात आणि वर बघतात. कडे खाली आले की उतरणाऱ्यांचे चेहरे बघतात. आपले कोणी नसले की परत वर.

गेल्या रविवारी एक मुलगी होती, चार-साडेचार वर्षांची. तिचे आईबाप लाइनीत असताना यंत्र बिघडले. अडीच तास. तिला फुगा दाखवला, बिस्किट दाखवले. एक बाई येऊन म्हणाली, चल बेटा, छाया में बैठते हैं. तिने मान हलवली. "पापा बोले हैं यहीं रहना." तिला लघवी झाली ती उभ्या जागी झाली. ती हलली नाही.

मी चाळीस वर्षे शाळेत मुले पाहिली, पण ती वर्गात बसवलेली. अशी ठेवलेली मुले मी पाहिली नव्हती. पंधरा दिवसांत पाचशे तरी पाहिली. एकही आपणहून गेले नाही. अभिरामही साडेचार वर्षांचा होता. तुझे सगळे ऐकायचा. आई म्हणायची, बळवंताने विहिरीत उडी मार म्हटले तर मारील.

तो हात सोडवून तलावाकडे धावला हे मी बावन्न वर्षे मानले. आता रोज दुपारी मानायचा प्रयत्न करते आणि ते होत नाही.

संध्याकाळी सात वाजता शेवटचे मूल जाते. मी सतरंजी गुंडाळते. गुंडाळताना रोज वाटते की कोणाच्या तरी पायाखालून ओढते आहे.

दादा, तू त्याला कुठे ठेवले होतेस? मी कोणाला सांगणार नाही. पण अग्नी देण्यापूर्वी काकूंना कळले पाहिजे.

अनू

•

वडोदरा
१९ डिसेंबर २०२४

अनू,

जे सांगायचे ते सांगून झाले आहे. पाचशे मुलांवरून एकाचे ठरवता येत नाही. तू मास्तरीण होतीस, तुला हे कळायला हवे.

मी २८ला सकाळी पोचतो. स्टेशनवर कोणी येऊ नये. विधी करून ३०ला परत निघेन. काकूंना नमस्कार सांग आणि हे पत्र दाखवू नकोस.

बळवंत

•

वडोदरा
६ फेब्रुवारी २०२५

अनू,

तू मला पार्कमध्ये मुद्दाम नेलेस. विधीच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ आहे, चल, माझी नोकरी बघ, म्हणालीस. मी त्या पत्र्याच्या पक्ष्यापर्यंत आलो आणि परत फाटकाकडे चालू लागलो. तू हाक मारली असशील. मला ऐकू आली नाही. तू मागेही आली नाहीस. संध्याकाळी काही बोललीही नाहीस. दुसऱ्या दिवशी मी अग्नी दिला. पळसाची पाने ओली होती. दोनदा काडी ओढावी लागली. काकू खुर्चीत बसून माझ्या हाताकडे बघत होत्या, पुतळ्याकडे नाही.

तेव्हा सांगायला हवे होते. सकाळी सांगायला हवे होते. मी आता लिहितो आहे, कारण त्यांच्या तोंडासमोर मला धैर्य झाले नाही.

त्या वर्षी मेळ्यात नवा पाळणा आला होता. कलकत्त्याचा, आधीच्या दुप्पट. तुला आठवत असेल, सगळा मेळा उठून त्या कोपऱ्यात गेला होता. खेळण्यांची दुकाने ओस पडली होती. तिथे गर्दी होती असे मी सांगितले आणि कोणी मला विचारलेही नाही की तिथे गर्दी कशी. बाबांनी पाळण्यात बसायला मना केले होते. मला बसायचे होते. पाळणेवाल्याने अभिरामला घेतले नाही, लहान आहे म्हणाला. मी त्याला तंबूच्या खुंटीपाशी उभे केले. इथून हलायचे नाही म्हणालो. तो म्हणाला, मी तुला वरून दिसेन का? मी म्हणालो, मी तुला बघेन.

मी बघितले. पहिल्या फेरीत तो वर बघत होता. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या फेरीत त्याच्यापाशी एक बाई वाकली होती. हिरवी साडी. ती काहीतरी विचारत होती आणि तो मान वर करून उत्तर देत होता. पाळणा खाली आला, मग पुढ्यात गर्दी आली, मग पुन्हा वर गेला. तो तिच्या हाताला धरून चालला होता. तो रडत नव्हता, ओढला जात नव्हता. तिच्याशी बोलत चालला होता. मी ओरडलो. त्या उंचीवर सगळेच ओरडत होते.

पाळणा आणखी पाच फेऱ्या फिरला. मागच्या फाटकापर्यंत ते मला दिसत राहिले. फाटकातून ती उजवीकडे वळली, पडावाकडे, स्टेशनच्या रस्त्याला.

उतरलो तेव्हा बाबा समोरून येत होते. अभी कुठे, म्हणाले. पाळण्यातून उतरलो हे त्यांना कळू नये एवढेच माझ्या मनात होते. दुसरे काही नव्हते. मी खेळण्यांची दुकाने म्हणालो आणि हात उलट दिशेला केला. तिकडे तलाव होता हे हात केल्यावर लक्षात आले. मग सगळे तिकडे धावले, पोलिसही. रात्रीपर्यंत खरे सांगता आले असते. दुसऱ्या दिवशी सांगता आले असते. तलावात जाळे टाकल्यावर सांगणे कठीण झाले.

मला त्याचा चेहरा आठवत नाही, अनू. घरात फोटो आहे, पण तो फोटोचा चेहरा. मला त्याची टाळू आठवते. तेल लावून पाडलेला भांग, वरून दिसलेला.

काकूंना सांगायचे की नाही ते तू ठरव. मी जिवंत माणसाला अग्नी दिला असेल. किंवा तो नंतर कुठेतरी मेला असेल आणि दिला ते योग्य असेल. मला माहीत नाही. तलावात तो नव्हता एवढेच माहीत आहे.

बळवंत

•

लष्कर, ग्वाल्हेर
१७ फेब्रुवारी २०२५

दादास नमस्कार.

पत्र चार दिवस उशीखाली ठेवले. पाचव्या दिवशी काकूंना वाचून दाखवले. पूर्ण. मध्ये थांबले नाही.

त्यांनी मला तीन गोष्टी पुन्हा वाचायला लावल्या. तो रडत नव्हता हे. बोलत चालला होता हे. आणि उजवीकडे वळली हे. हे शेवटचे चारदा.

मग मला माझेही सांगावे लागले. तुला ते माहीत नाही. तू तलावावर होतास तेव्हा मला काकांबरोबर मेळ्याच्या माइकवाल्याकडे पाठवले होते. काकांनी दत्तकाचे नाव सांगितले: विश्वासराव जगदेवराव. दत्तक घेऊन सहा आठवडे झाले होते. काकूंनी घरात सर्वांना बजावले होते, जुने नाव कोणी घ्यायचे नाही, जुने नाव घेतले की मूल नव्या घरात रुजत नाही. माइकवाला भला माणूस होता. माझ्याकडे वाकून म्हणाला, "बिटिया, घर में क्या बुलाते हो उसे?" मी काकांकडे पाहिले. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, विश्वासराव.

तीन तास तेच नाव मेळ्यावर फिरत होते. स्टेशनपर्यंत ऐकू जात असे म्हणतात. साडेचार वर्षांच्या मुलाला विश्वासराव कोण हे काय ठाऊक. तो तिच्या हाताला धरून त्या आवाजाखालून चालत गेला असेल. अभी म्हटले असते तर थांबला असता. तो तर हाकेला इतका पक्का होता.

तू विचारलेस तिथे काय काम. मी पूछताछ खिडकी मागून घेतली होती. मूल आणले की मी पहिल्यांदा तेच विचारायची, घर में क्या बुलाते हैं. कागदावरचे नाव मी माइकवर कधी घेतले नाही.

हे सांगितल्यावर काकूंनी डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. मग म्हणाल्या, "तू दहा वर्षांची होतीस. बजावलं मी होतं." आणि थोड्या वेळाने, "तिघांनी मिळून घालवला म्हणायचा."

मी म्हणाले, असे नका म्हणू. त्या म्हणाल्या, "का नको? इतकी वर्षं तलावाने नेला म्हणत होतो. तलावाचा काय दोष."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गुरुजींना फोन लावायला सांगितला. प्रश्न त्यांचाच. ज्याचा पुतळा जाळला तो परत आला तर? गुरुजी हसले नाहीत. असे होते म्हणाले. त्याला तुपाने न्हाऊ घालतात, जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करतात. मूल नुकतेच झाले असे धरायचे. बाराव्या दिवशी नाव ठेवायचे.

काकूंनी ते ऐकून घेतले. "छप्पन्न वर्षांचं मूल," म्हणाल्या. मग, "नाव मात्र मी नाही ठेवायची."

तेव्हापासून त्या जेवतात. दिवाळीपासून दोन घास घेत होत्या, आता पोळी मागतात. मला याचे बरे वाटत नाही. त्या वाट बघू लागल्या आहेत. दारापाशी चप्पल वाजली की मान उचलतात. अमावास्येच्या आधी त्यांनी ते सोडले होते. विधी झाल्यावर पंधरा दिवस घर हलके होते, तुला कळले नसेल, तू लगेच गेलास. आता तो पुन्हा घरात आहे. या वेळी तलावातून ओला येत नाही, रस्त्याने चालत येतो.

मी पार्क सोडले नाही. काल गरुडाचा कठडा उघडल्यावर एक बाप धावत आला, आपल्या मुलाला उचलले आणि मला म्हणाला, आंटी, ऊपर से देख रहा था, आपने इसका हाथ पकड़ा तो मेरी जान निकल गई. मी म्हणाले, नाव विचारत होते. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि मुलाला घेऊन गेला. मी हिरवी साडी नेसले होते. तशा माझ्याकडे तीन आहेत, सगळ्यांकडे असतात.

मला तुझा राग आला का, हे तू विचारलेले नाहीस. चार दिवस आला होता. पाचव्या दिवशी वाचून दाखवताना माझाच आवाज माइकवरच्यासारखा लागला आणि पुढे राग धरता आला नाही.

काकूंना हे तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. पत्र चालणार नाही म्हणतात. क्षमा वगैरे काही नको आहे. त्यांना मेळ्याच्या त्या मागच्या फाटकापाशी जायचे आहे. आता तिथे भिंत आहे, मी सांगितले. तरी जायचे आहे. रिक्षा करू, खुर्ची नेऊ. तू उभा राहा आणि ती बाई कुठून आली, कुठे वाकली, कोणत्या बाजूला वळली ते हाताने दाखव.

या वेळी बरोबर दिशेला दाखव. मग त्या म्हणतील तिथपर्यंत आपण त्या रस्त्याने जाऊ.

अनू